गुणाची पोर म्हणून विषय संपवायचा का? घरातील आजारपण सांभाळणाऱ्या शाळकरी मुलांविषयी

जांबोटी_रस्ता

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवतो. यंदा शाळा सुरू झाल्यापासून नववीतील एक मुलगी दर मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजर राहत होती. हे दोन्ही वार देवीचे असल्यामुळे शिक्षकांच्या खोलीत आम्ही परस्पर ठरवून टाकले, की घरात कोणाचा तरी नवस असणार. बुधवारी ती यायची तेव्हा गृहपाठ झालेला नसायचा आणि मी तिला वर्गाबाहेर उभे करायचो. असे जवळजवळ तीन महिने चालले. एकदाही मी तिला बाजूला घेऊन कारण विचारले नाही, हे आधीच कबूल करतो.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी आजारी नातेवाइकाला भेटायला बेळगावच्या रुग्णालयात गेलो, तेव्हा डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर ती बसलेली दिसली. मांडीवर विज्ञानाचे पुस्तक होते आणि पुस्तकाखाली आईच्या चपला ठेवलेली पिशवी. मला पाहून ती उठून उभी राहिली आणि तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे : ‘सर, उद्या गृहपाठ आणते.’

आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार तास डायलिसिस चालते. वडील गोव्यात गवंडीकाम करतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतात. धाकटा भाऊ चौथीत आहे. ही मुलगी पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक करते, भावाचा डबा भरते आणि आईला घेऊन पहिली बस पकडते. आईने दिवसभरात किती पाणी प्यायचे ते एका बाटलीत मोजून ठेवणे हेही तिचेच काम आहे. भेटायला येणारी वडीलधारी माणसे मायेने शहाळी आणि केळी आणतात. त्यातील पोटॅशियम अशा रुग्णाला घातक ठरू शकते, म्हणून चौदा वर्षांच्या या मुलीला मोठ्या माणसांना ‘आईला हे चालत नाही’ असे सांगावे लागते आणि वर ‘पोरगी उद्धट झाली’ हे ऐकून घ्यावे लागते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. योजना चांगलीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु या घरात हिशोब असा झाला, की सोबतीला चुलता गेला तर त्याचे जाण्या-येण्याचे तिकीट पडते आणि त्याचा रोजही बुडतो. मुलगी गेली तर काहीच पडत नाही. तिचा शाळेचा दिवस कोणी हिशोबात धरलाच नाही.

मी घरी गेलो तेव्हा आईने हात जोडून सांगितले, ‘सर, कुणास्नी सांगू नका. उद्या पोरीचं लगीन व्हायचं हाय.’ त्यामुळे नाव-गाव न सांगता विचारतो आहे. शिक्षक, शेजारी किंवा नातेवाईक म्हणून अशा मुलांसाठी नेमके काय करता येते? पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल, ही माझी खरी धास्ती आहे.

तंबाखूच्या_गावची

सर, तुम्ही तीन महिन्यांनी का होईना विचारले. मला सातवीपासून दहावीपर्यंत कोणीच विचारले नाही.

मी निपाणीची. आई विड्या वळायची आणि वडिलांना क्षयरोग होता. औषधे मध्येच सोडल्यामुळे तो पुन्हा उलटला होता. आई सकाळी तयार विड्या द्यायला आणि पुढचा पाला-तंबाखू आणायला कारखान्यात जाई, तेव्हा वडिलांचे थुंकीचे भांडे राखेने भरून ठेवणे, त्यांना आधार देऊन उठवणे, गोळ्या देणे हे माझ्याकडे असे. संध्याकाळी आईबरोबर विड्या वळायला बसायचे. गल्लीतील प्रत्येक बाई मला ‘गुणाची पोर’ म्हणायची. आज पन्नाशी जवळ आली, तरी हे शब्द कानावर पडले की माझ्या छातीवर दडपण येते. कारण एकदा का तुम्हाला गुणाची ठरवले, की ‘आज मला जमणार नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही. रडलात तर गुण गेले, चिडलात तर गुण गेले, आणि वडील एकदाचे सुटावेत असा विचार रात्री मनात आलाच तर तुमच्यासारखी पापी दुसरी कोणी नाही. तो विचार माझ्या मनात आला होता. ही गोष्ट मी नवऱ्यालाही फार वर्षांनी सांगितली.

मला त्या वेळी काय हवे होते, ते सांगते. पैसे हवेच होते, पण त्याहून जास्त हवी होती आठवड्यातली एक संध्याकाळ, जिच्यात दुसरे कोणीतरी वडिलांजवळ बसेल आणि मी नुसती मैत्रिणीच्या ओट्यावर जाऊन बसेन. दुसरे म्हणजे, बुडालेल्या दिवशी वर्गात काय झाले ते कोणीतरी वहीत उतरवून ठेवावे. ‘कशी आहेस’ या प्रश्नाला मी नेहमीच ‘बरी आहे’ म्हणायचे, त्यामुळे तो प्रश्न विचारूच नका. ‘काल रात्री किती वाजता झोपलीस’ असे विचारा. त्याला खोटे उत्तर देणे कठीण जाते.

आणि एक विनंती. तिच्याकडून आईची काळजी पूर्णपणे काढून घेऊ नका. वडिलांची काळजी घेण्यात माझा काही अभिमानही होता. मला ओझे कमी व्हायला हवे होते, वडील परके व्हायला नको होते.

कृष्णाकाठ

मी अथणीकडचा शेतकरी आहे. थोडे वेगळे मत मांडतो, राग मानू नये. आमच्या पिढीत सगळ्याच मुलांनी घरातले केले आहे. आजोबा दोन वर्षे अंथरुणावर होते आणि आम्ही सहा नातवंडे त्यांचे सगळे करत होतो. त्यातूनच माणूस घडतो. आता यालाही एक नाव द्यायचे, अर्ज करायचे, समुपदेशन करायचे, हे मला परदेशी वाटते. घरातल्या माणसाची सेवा करणे ही काय समस्या आहे?

तंबाखूच्या_गावची

दादा, तुमच्या उत्तरातच फरक आहे. तुम्ही सहा जण होतात. एकाला कंटाळा आला तर पाच जण होते, आणि त्या पाचांच्या मागे तुमची आई, काकू, आत्या होत्या. मी एकटी होते. मूल घरात मदत करते आहे की घर त्याच्यावर उभे आहे, हे ओळखायचे असेल तर एवढेच पाहावे, की ते एक दिवस तापाने पडले तर घरातील आजाऱ्याचे काय होईल. ‘दुसरे कोणीतरी बघेल’ असे उत्तर आले तर ती मदत आहे.

कृष्णाकाठ

हे पटले. आता विचार करतो तर आमच्याच मळ्याशेजारी असे एक घर आहे. मुलगा आठवीत आहे. ऊसतोडीच्या दिवसांत आईवडील पहाटे बाहेर पडतात आणि आजी त्याच्यावर असते. मी त्याला रोज बघतो आणि पाठ थोपटतो. पुढे काही केलेले नाही.

वडगावकर

माझे काम बालसंरक्षणाशी संबंधित आहे, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये अशा मुलांना ‘यंग केअरर’ म्हणतात, आणि २०१४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील अशा मुलाला कोणत्या मदतीची गरज आहे याचे मूल्यमापन करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरले आहे. आपल्याकडे या मुलांसाठी वेगळा शब्दही नाही आणि वेगळा कायदाही नाही. म्हणून दुसऱ्या दारांतून आत जावे लागते.

पहिले दार बाल न्याय कायदा, २०१५. त्यातील ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ या व्याख्येत, ज्याचे पालक असमर्थ आहेत आणि म्हणून त्याची काळजी घेऊ शकत नाहीत, असे मूलही बसते. हे ऐकले की पालकांना पहिली भीती वाटते ती मूल उचलून बालगृहात नेतील याची. ती भीती समजण्यासारखी आहे, पण मुलाला शक्यतो कुटुंबातच ठेवणे आणि संस्थेत पाठवणे हा शेवटचा उपाय मानणे हे या कायद्याचेच तत्त्व आहे. दुसरे दार त्यालाच लागून आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. पालकांना जीवघेणा आजार असणे किंवा ते शारीरिक आणि आर्थिकदृष्ट्या मुलांना सांभाळण्यास असमर्थ असणे, ही कारणे त्यात नमूद आहेत. ग्रामीण भागासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे जातो आणि पुढे समितीसमोर मांडला जातो. मंजुरी पटकन मिळत नाही, हे मी आत असूनही सांगतो. कागद पुरे असले तरी दोन-तीन खेपा धरूनच चाला, आणि त्या खेपा मुलीला घालायला लावू नका. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणालाही, अगदी मुलाला स्वतःलाही, विनाशुल्क फोन करता येतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. तीस वर्षे या कामात गेली, त्यातील बरीचशी बेळगावात. सरांच्या धाग्यात एक गोष्ट अजून कोणी बोलले नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या भागातील ही मुले दुभाषी असतात.

खानापूरकडच्या किंवा बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतील अनेक मातांना मराठी सोडून दुसरी भाषा येत नाही. मुले शाळेत कन्नड शिकतात, वाचतातही. त्यामुळे केसपेपर काढण्यापासून रेशनकार्डावरील नाव दुरुस्त करण्यापर्यंत मूलच पुढे असते. फॉर्म भरण्यापुरते ते ठीक आहे. परंतु डॉक्टर आजाराविषयी बोलू लागतात, तेव्हाही तेच मूल मध्ये उभे असते. एका रुग्णालयात मी पाहिलेला प्रसंग सांगते. अकरा-बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. डॉक्टर नवीन होते आणि त्यांना मराठी येत नव्हते. त्यांनी गाठ कर्करोगाची असल्याचे कन्नडमध्ये त्या मुलाला सांगितले, कारण समोर समजणारा तोच होता. आईने विचारले, ‘काय म्हणत्यात रे?’ मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘गोळ्या दिल्यात, बरं होतंय म्हणत्यात.’ पुढच्या तपासणीला आई आलीच नाही, कारण तिच्या माहितीप्रमाणे ती बरी होणार होती. त्या मुलाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. आपल्याच आईला असे काही सांगायची वेळ त्याच्यावर आणायलाच नको होती. आम्ही तिथे होतो, आम्हाला दोन्ही भाषा येत होत्या आणि आम्ही कामाच्या घाईत होतो.

म्हणून हात जोडून सांगते, तपासणीच्या दिवशी, निदान कळण्याच्या दिवशी, शस्त्रक्रियेच्या संमतीच्या दिवशी मोठे माणूस बरोबर असू द्या. येणे शक्य नसेल तर गोव्यात किंवा पुण्यात असलेल्या नातेवाइकाला फोन लावून डॉक्टरांशी बोलायला द्या. वॉर्डात मराठी जाणणारी सिस्टर किंवा आया जवळजवळ नेहमीच असते. ‘मराठी येणारे कोणी बोलवा’ असे बिनधास्त म्हणा. डॉक्टरांना वाईट वाटत नाही, आणि वाटले तरी वाटू द्या.

घरच्या शुश्रूषेबद्दलही थोडे. मुलांना आम्ही काहीच शिकवत नाही आणि अपेक्षा मात्र सगळी करतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे सांगितले जाते. पण रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या मुलाने सकाळी शाळेत काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मोठ्या माणसाला एकट्या मुलाने उचलू नये, कारण त्याची पाठ अजून वाढीला लागलेली असते. आकडी आली तर रुग्णाला कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा किंवा हातात चप्पल द्यायची नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा, हे मात्र दहा वर्षांच्या मुलालाही शिकवून ठेवावे, कारण त्या क्षणी घरात तेच असते. पक्षाघात झालेल्या माणसाला आडवे ठेवून कधीही भरवू नये, हेही. मुलीने वडिलांची किंवा मुलाने आईची अंघोळ, शौच अशी कामे करण्याची वेळ येऊ नये, यासाठी गावात कोणीतरी मोठे माणूस शोधावेच लागेल. तिथे तडजोड नको.

पीयूसी_दुसरे_वर्ष

मी सतरा वर्षांचा आहे. धागा चार दिवसांपासून वाचतो आहे. माझ्या आईला मानसिक आजार आहे. ती कोणावर हात उगारत नाही, पण औषध बंद झाले की रात्रभर जागी राहते, दार उघडून बाहेर जाते, आणि शेजारी आपल्या जेवणात काहीतरी घालतात असे तिला वाटते. म्हणून मी दाराला खाट लावून झोपतो. वडील नाहीत. थोरल्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे, त्यामुळे हे बाहेर कळू द्यायचे नाही असे मामांनी बजावले आहे. डायलिसिसच्या आईबद्दल निदान कोणाला सांगता तरी येते.

मला श्रावणबाळ म्हणू नका. मित्र घरी येतो म्हणाला की मी कारणे सांगतो, आणि आता मित्र म्हणायचेही थांबले आहेत. मला एवढेच विचारायचे आहे, की औषध घ्यायला ती तयार नसेल तर ते चहातून द्यावे का? मामा तसेच द्यायला सांगतात.

रात्रपाळी

बाळा, लिहिलेस हे बरे केलेस. चहातून देऊ नकोस. तिला आधीच जेवणात काहीतरी घालतात अशी शंका आहे. एकदा जरी कळले तर ती शंका खरी ठरेल आणि तुझ्यावरचाही विश्वास जाईल. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांग, की ती गोळ्या घेत नाही. काही औषधे महिन्यातून एकदा इंजेक्शनने देता येतात. तिच्यासाठी ते योग्य आहे का, हे तेच ठरवतील. मामांना घेऊन जा. सल्ला देणाऱ्या माणसाने डॉक्टरांसमोरही बसावे.

दिवसा-रात्री कधीही १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ही टेली-मानस नावाची मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. फोन आईसाठीच करायला हवा असे नाही. दाराला खाट लावून झोपणाऱ्या मुलालाही तो करता येतो.

वडगावकर

यात एक भर. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांमध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाले तर दिव्यांग निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा होतो. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो. बहुधा तो स्वतः दिव्यांग असतो आणि त्याला कागदपत्रे तोंडपाठ असतात. बहिणीच्या लग्नाआधी हे करायचे की नंतर, हा तुमच्या घरचा निर्णय आहे. त्यावर मी बाहेरून शहाणपण शिकवणार नाही. शक्य असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठव.

खडू_फळा

निवृत्त मुख्याध्यापक. सरांच्या दहावीच्या धास्तीविषयी लिहितो, कारण इथे साधे गणित उपयोगी पडते आणि सर गणिताचेच आहेत. आठवड्यात शाळेचे दिवस सहा. त्यातील दोन बुडाले तर हजेरी सुमारे ६७ टक्के होते, आणि एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे ती मुलगी एकदाही आजारी पडली नाही, तरी परीक्षेला मुकू शकते. दोनपैकी एकच वार बुडाला तर हजेरी ८३ टक्क्यांवर जाते. तेव्हा सगळे प्रश्न सोडवण्याच्या मागे न लागता आधी एक मंगळवार सोडवा.

आणि शक्ती योजनेची ती बाब उलट्या बाजूनेही खरी आहे. गावातील कोणतीही बाई सोबत गेली तरी तिकीट पडत नाही. चार बायका तयार झाल्या तर प्रत्येकीवर महिन्यातून एकच मंगळवार येतो.

दुसरे असे, की २०२३-२४ पासून कर्नाटकात दहावीच्या वर्षाला एकाहून अधिक परीक्षा होतात आणि त्यांतील चांगले गुण धरले जातात. आईची प्रकृती नेमकी पहिल्या परीक्षेच्या वेळी बिघडली, तर वर्ष गेले असे समजून मुलीला घरी बसवण्याचे कारण नाही. हे घरच्यांना आत्ताच, आणि मराठीत समजावून सांगा, कारण ‘दहावी बुडाली, आता लग्न’ हा निर्णय आपल्याकडे एका संध्याकाळी होतो.

जांबोटी_रस्ता

सर्वांचे आभार. दोन महिन्यांनी लिहितो आहे.

गावातील स्त्रीशक्ती या महिला बचत गटाच्या अध्यक्षांना मी सगळे सांगितले नाही. ‘त्यांना दवाखान्याला सोबत लागते’ एवढेच सांगितले. त्यांना सगळे आधीच माहीत होते. गावात काही लपून राहत नाही, हे मुलीच्या आईला सोडून सगळ्यांना ठाऊक होते. पाच बायका तयार झाल्या. त्यांतील एकजण निपाणीची माहेरवाशीण असून तिला चांगली कन्नड येते. पहिल्याच मंगळवारी तिने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले, जे मुलीने कधी विचारले नव्हते, आणि त्यातून आईचे एक औषध बदलले गेले.

प्रायोजकत्वाचा अर्ज दिला आहे. उत्पन्नाचा दाखला मिळाला, पण बँक खात्यावरील आणि आधारवरील नावात एका अक्षराचा फरक निघाला, त्यामुळे तो अडकला आहे. त्या खेपा मी घालतो आहे. वडिलांना फोन केला तेव्हा त्यांनी प्रथम मला शाळेपुरते बघायला सांगितले. आता मात्र महिन्याचा एक शुक्रवार ते स्वतः येतात.

तंबाखूच्या गावच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी मुलीला विचारले, की शुक्रवारही दुसऱ्या कोणाकडे द्यायचा का. ती नको म्हणाली. डायलिसिस झाल्यावर परतीच्या बसमध्ये आई तिच्या खांद्यावर डोके टेकून झोपते, ते तिला दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही. मंगळवारी खो-खोचा सराव असतो, त्याला मात्र ती येऊ लागली आहे. घटक चाचणी वेळापत्रकात शुक्रवारी होती, ती मी गुरुवारी घेतली.